गीझर ट्रिप का होतो, नळाला हात लावला की मुंग्या का येतात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडली आणि या सदरात गीझरवाल्या प्रश्नांची रांग लागली. कोणी ई-मेल केलाय, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलेत, एका काकूंनी जळक्या प्लगचा इतका जवळून फोटो पाठवला की आधी ते काय आहे तेच कळेना. उत्तरांच्या आधी एक ठरवून घेऊ. बटण, एमसीबी, प्लग, सेल, जाळी, म्हणजे झाकण न उघडता जे दिसतं, ऐकू येतं किंवा वासाने कळतं ते सगळं तुम्ही बघायचं, बिनधास्त बघायचं. स्क्रू काढायची वेळ आली की वायरमनला फोन. याला एकच अपवाद केलाय, पंख्याचा, तो खाली येईल.

गीझर लावला की पाच-सात मिनिटांनी पूर्ण घराची लाईट जायची. ओळखीचा वायरमन आला, त्याने बोर्डातलं एक मोठं बटण काढून डायरेक्ट करून दिलं, तेव्हापासून लाईट जात नाही. पण आता आंघोळीला नळ उघडताना हाताला मुंग्या येतात. मिस्टर म्हणतात थंडीमुळे वाटतं तसं. हे नॉर्मल आहे का दादा?
– एक वाचक, नाशिक

नाही ताई, अजिबात नॉर्मल नाही, आणि थंडीचा यात काही संबंध नाही. हे वाचून झालं की पहिलं काम म्हणजे गीझरचा प्लग काढा आणि तो परत लावू नका, दुरुस्त होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा.

आता झालंय काय ते सांगतो. तुमच्या बोर्डात दोन प्रकारची बटणं असतात. छोट्या छोट्या एमसीबी असतात त्या वायरला सांभाळतात, म्हणजे जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की पडतात. आणि ते जे मोठं बटण काढलं ती आरसीसीबी, काही जण अजून ईएलसीबीच म्हणतात, ती माणसाला सांभाळते. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का एवढंच ती बघत असते, आणि घरात लावतात तिचं गणित ३० मिलीअँपिअरचं असतं, तेवढा फरक पडायच्या आतच ती खट्कन पडते. ३० मिलीअँपिअर म्हणजे किती तर आपला साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब सुद्धा यापेक्षा जास्त घेतो. इतक्या थोड्या करंटने ओल्या अंगाच्या माणसाचं काय होऊ शकतं ते माहीत असल्यामुळेच आकडा इतका खाली ठेवलाय.

तुमच्या गीझरची कॉईल गेलीय असं लक्षणांवरून वाटतं. कॉईल म्हणजे तांब्याची नळी, तिच्या आत तापणारी तार आणि दोघांच्या मध्ये एक पांढरी पावडर ठासून भरलेली असते, ती करंट अडवते. नळीला बारीक चीर पडली की पावडर ओली होते आणि करंट पाण्यात झिरपायला लागतो. सुरुवातीला थोडा, मग तापत जाईल तसा वाढत जातो, म्हणून लगेच नाही तर पाच-सात मिनिटांनी पडत होती. ती आरसीसीबी बरोबर तिचं काम करत होती आणि तिलाच काढून टाकलं, म्हणजे घरात धूर झाला म्हणून अलार्म वाजला तर अलार्म फोडण्यातला प्रकार झाला हा. असं डायरेक्ट करून देणाऱ्या माणसाला परत बोलावू नका, कितीही ओळखीचा असू दे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त काळजीची वाटते. अर्थिंग धड असतं तर झिरपलेला करंट अर्थच्या वायरने जमिनीत गेला असता, नळापर्यंत आलाच नसता. नळाला मुंग्या येतात याचा अर्थ अर्थिंग एकतर तुटलंय किंवा कधी नव्हतंच. पुष्कळ जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण वरच्या जाड पिनेला मागे वायरच जोडलेली नसते, दिसायला सगळं व्यवस्थित. तेव्हा वायरमनकडून तीन कामं याच क्रमाने करून घ्या: आरसीसीबी परत बसवणं, अर्थिंग मीटरने तपासून नीट करणं, आणि मग कॉईल बदलणं. कॉईलबरोबर तिचं रबरी गॅस्केट नवीनच टाकायला सांगा, जुनं परत बसवलं की महिन्याभरात गळतं. अर्थिंग नळाच्या पाइपला जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा, आता पाइप प्लास्टिकचे असतात आणि लोखंडी असले तरी शेजाऱ्याच्या नळाला करंट द्यायचा तो मार्ग आहे.

नवीन आरसीसीबी बसली की तिच्यावर टी लिहिलेलं एक छोटं बटण दिसेल. महिन्यातून एकदा ते दाबायचं, लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर ती आरसीसीबी बाद. हे तपासायला कोणी लागत नाही, आणि बहुतेक घरांत ते बटण बसवल्यापासून कोणी दाबलेलंच नसतं.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. गीझर आधी अर्ध्या तासात तापायचा आता पाऊण तास झाला तरी कोमट, आणि आतून भांड्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. शिवाय बाजूच्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. प्लंबर म्हणाला त्या जागी डमी लावून बंद करून टाकू. करू का?
– एक वाचक, सोलापूर

डमी लावू नका काका! ते आधी. तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं, टाकी चारी बाजूंनी बंद, मग ते वाढलेलं पाणी आणि प्रेशर जायला तेवढीच वाट असते. गीझर तापत असताना थोडे थेंब पडणं हे व्हॉल्व्ह जिवंत असल्याचं लक्षण आहे. ती वाट बंद केली आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणारा भाग, अडकला तर टाकी फुटते, आणि ती फुटते तेव्हा बाथरूमचा दरवाजाही जागेवर राहत नाही. थेंबांचा त्रास होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक नळी लावून खाली मोरीत सोडा, तिचं दुसरं टोक मात्र उघडं राहू द्या. गीझर बंद, पाणी गार, आणि तरीही सतत धार लागलेली असेल तर मग व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा वरच्या टाकीचं प्रेशर जास्त आहे. उंच बिल्डिंगमध्ये दर दहा मीटरला साधारण एक बार प्रेशर वाढतं, खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे जाणवतं.

आता आवाजाचं. ते खडे खरंच खडे आहेत हो. बोअरच्या पाण्यातले क्षार तापल्यावर कॉईलवर बसतात, जाड थर झाला की कॉईलची उष्णता पाण्यापर्यंत जायला वेळ लागतो, थराच्या आत अडकलेलं पाणी उकळून तडतडतं, आणि सुटलेले तुकडे तळाशी गोळा होतात. किती बिघडलंय ते घड्याळ लावून बघता येतं. १५ लिटरचा आणि २००० वॅटचा गीझर २० डिग्रीचं पाणी ६० डिग्रीला न्यायला वीस-बावीस मिनिटं घेतो, २५ लिटरचा असेल तर पस्तीसच्या आसपास. पूर्ण गार पाण्यापासून सुरू करून लाल दिवा विझेपर्यंतचा वेळ मोजा. त्याच्या दीडपट-दुप्पट लागत असेल तर आतून साफ करायची वेळ झाली. टाकी उघडून कॉईल काढून क्षार घालवणं हे मेकॅनिकचं काम, बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी थंडीच्या आधी करून घ्यावं, आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगावा. तो रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः गंजून संपतो, तो संपला की मग टाकीची पाळी. बरेच मेकॅनिक तो काढून फेकतात आणि नवीन टाकतच नाहीत, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या.

तुमच्या हातात काय, तर थर्मोस्टॅटची कळ बाहेर असेल तर ५० ते ५५ वर ठेवा. पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार जास्त बसतात, आणि शेवटी बादलीत गार पाणी मिसळूनच आंघोळ करायची असते ना.

रूम हीटरचा प्लग वितळला. हीटर नवा आहे, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. दुकानदार म्हणतो हीटरमध्ये फॉल्ट नाही. फोटो पाठवलाय.
– एक वाचक, निफाड

निफाडकरांनी हीटर घेतला याचं नवल नाही, राज्यातला सगळ्यात कमी पारा म्हणून दर थंडीत तुमचंच नाव पेपरात येतं. फोटो बघितला, दुकानदार खरं बोलतोय असं दिसतं. फोटोत हीटरचा जाड पिनांचा प्लग आहे, तो एका कन्व्हर्टर पिनमध्ये घातलाय, आणि ती पिन एक्स्टेंशन बोर्डाच्या लहान सॉकेटमध्ये. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. लहान सॉकेट ६ अँपिअरचं. एक्स्टेंशनची वायर तर हातात घेतली की कळते किती बारीक आहे ती. मोबाईल चार्जरला चालून जातं हे सगळं, हीटर रात्रभर चालला की जिथे पकड ढिली तिथे तापत तापत प्लास्टिक वितळतं. एमसीबी का नाही पडली असं तुम्ही विचाराल. तिच्या दृष्टीने ९ अँपिअर काही जास्त नव्हतेच, ती १६ ची असणार. ढिल्या जोडाची उष्णता एमसीबीला कळत नाही, ती तुम्हालाच नाकाने आणि हाताने कळायला हवी.

हीटर, गीझर, इस्त्री, इंडक्शन, हे सगळं भिंतीतल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच, मध्ये कन्व्हर्टर पिन नको नि एक्स्टेंशन तर नकोच. नवीन पॉवर पॉइंट काढून घेत असाल तर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट बोर्डापासून ओढायला सांगा. चालू हीटरचा प्लग अर्ध्या तासाने हाताने चाचपून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर बंद. ते जळकं सॉकेट घासून परत वापरायचं नाही, आतली पितळेची पत्ती एकदा तापून ढिली पडली की परत पकडत नाही.

निफाडच्याच दुसऱ्या एका वाचकाने पाण्यात टाकायच्या रॉडबद्दल विचारलंय, त्याचं थोडक्यात: प्लास्टिकची जाड बादली, रॉड खुणेपर्यंत बुडालेला, मग प्लग, मग बटण. काढताना उलटं, आधी बटण, मग प्लग पूर्ण बाहेर, आणि त्यानंतरच पाण्यात बोट. घरात लहान मुलं असतील तर रॉड न घेतलेला बरा, माझं स्पष्ट मत.

गॅस गीझर नुसता टिकटिक करतो पण पेटत नाही. बाथरूम लहान आहे, गीझर आतच बसवलाय, हवा यायला वर एक झरोका आहे पण थंडी वाजते म्हणून त्याला पुठ्ठा लावलाय.
– एक वाचक, कोल्हापूर

टिकटिकीचं उत्तर सोपं आहे. खालच्या डबीत दोन मोठे सेल असतात ते बदला. ठिणगी आवाजापुरती उडते पण सेल उतरलेले असले की गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला जोर पुरत नाही. सेल बदलूनही नाही पेटला तर सिलिंडर संपत आलाय का बघा, आणि पाण्याच्या इनलेटला एक छोटी जाळी असते ती कचऱ्याने भरली का बघा. पाण्याला पुरेसं प्रेशर नसेल तर हे गीझर मुद्दामच पेटत नाहीत, तशीच रचना असते त्यांची. इथपर्यंत तुमचं काम.

पण मला खरी भीती त्या पुठ्ठ्याची वाटली. आज काढा. गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन खातो, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, माणसाला वाटतं उपाशीपोटी गरम पाण्याने आंघोळ केली म्हणून चक्कर आली असेल, आणि कडी आतून लावलेली. दर थंडीत अशा बातम्या असतात, बाथरूममध्ये कोणीतरी बेशुद्ध सापडलं आणि गीझर चालूच होता. लीक नसताना, गीझर नवा असताना सुद्धा हे होतं, कारण दोष गीझरचा नसून कोंडलेल्या हवेचा असतो.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, गॅलरीत किंवा मागच्या पडवीत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. हा एकच बरोबर मार्ग आहे. जागा बदलेपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार दहा मिनिटं उघडं ठेवा, मग आंघोळ. ज्योत निळीच हवी. पिवळी, लांबट, काजळी धरणारी दिसली तर गीझर बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. बऱ्याच मॉडेलमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, ती दुरुस्तीवाल्याकडून काढून घेणारी माणसंही मला माहीत आहेत, त्यांना काय म्हणावं.

सोलरचं पाणी. ऊन कडक आहे तरी सकाळी गार. बंगल्यावर २०० लिटरचं ट्यूबवालं युनिट आहे.
– एक वाचक, पुणे

प्रश्न छोटा तसं उत्तरही. आधी दुपारी चार वाजता नळ सोडून बघा. दुपारी कढत आणि सकाळी गार असेल तर पाणी तापतंय पण रात्रीत जातंय, म्हणजे बहुतेक कोणीतरी रात्री वापरतंय किंवा कुठल्यातरी मिक्सर नळातून गार-गरम एकमेकांत मिसळतंय. मिक्सर नळ अर्धवट उघडे ठेवून हँड शॉवरच्या बटणाने पाणी बंद करायची सवय असली की हे हमखास होतं. दुपारीही गार असेल तर गच्चीत जा, एखादी ट्यूब फुटलीय का, तिच्या आत पांढरं धुकं आलंय का बघा. ट्यूबच्या एका टोकाला चकचकीत आरशासारखा भाग असतो, तो पांढरा पडला की तिच्यातली निर्वात पोकळी गेली, ती ट्यूब तापत नाही. समोरच्या बिल्डिंगची सावली डिसेंबरात लांब पडते तेही बघा, उन्हाळ्यात यायची नाही आणि थंडीत येते. पाणी येतच नाही, फुसफुस हवा येते, असं असेल तर पाइपात हवा अडकलीय, टाकीवरचा उभा उघडा पाइप चोंदला असणार. आणि पहिली अर्धी बादली गार येणारच, ती पाइपातली. ती फेकू नका, भांड्यांना वापरा.

पावसाळा संपला तरी मागच्या खोलीच्या भिंतीला टेस्टर लावला की पेटतो. घर चिऱ्याचं आहे. आरसीसीबी अधूनमधून पडते, कधी आठवडाभर पडत नाही, वायरमन येतो त्या दिवशी तर पडतच नाही!
– एक वाचक, रत्नागिरी

वायरमन आला की न पडणं हा सगळ्या आरसीसीबींचा जुना स्वभाव आहे. चिऱ्याची भिंत पाणी पिऊन बसते, दसऱ्यापर्यंत आत ओल असते, आणि जुन्या वायरींचं आवरण कुठेतरी उघडं पडलं की ती ओल करंट घेते. टेस्टर पेटला म्हणजे नक्की करंट आहेच असं मात्र नाही, निऑनचा टेस्टर अगदी क्षुल्लक करंटलाही मिणमिणतो. पण आरसीसीबीही पडतेय म्हणजे काहीतरी आहे. त्या भिंतीला हात लावू नका, तिथलं कपाट नि खाट बाजूला घ्या.

शोधायचं कसं ते सांगतो, यात काहीच उघडायचं नाही. पडली की सगळ्या छोट्या एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी वर करा. राहिली तर एक-एक एमसीबी वर करत जा, मध्ये थोडं थांबून. जिच्यावर पडेल ती ओळ दोषी, तिच्यावर खूण करा. आता त्या ओळीवरचे सगळे प्लग काढा, बटण बंद नाही, प्लग बाहेर. पुन्हा वर करा. राहिली तर दोष कुठल्यातरी वस्तूत, एक-एक लावून बघा, मागच्या पडवीतलं वॉशिंग मशीन, पंप, जुना फ्रिज हे नेहमीचे. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर भिंतीतली वायर, किंवा बाहेरचा दिवा, किंवा गेटवरच्या बेलचं बटण. त्या बेलच्या बटणात पाणी आणि मुंग्या दोन्ही जातात, कोकणात तर हमखास. आणि सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी राहत नसेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते. तिथे वायरमनला मेगर, म्हणजे वायरींचं आवरण तपासायचं मीटर, घेऊन यायला सांगा. टेस्टर घेऊन आलेल्याला ते सापडणार नाही. ही सगळी तपासणी कागदावर लिहून ठेवा, कधी पडली, तेव्हा काय चालू होतं, पाऊस होता का. वायरमनचा अर्धा दिवस आणि तुमचे तेवढे पैसे वाचतात.

काल रात्री अचानक काही दिवे भगभगीत झाले, पंखा गरगरा फिरायला लागला, आणि स्वयंपाकघरातला दिवा मात्र मिणमिणता. टीव्हीचा अडॅप्टर गेला. पाच मिनिटांनी सगळं नॉर्मल.
– एक वाचक, ठाणे

न्यूट्रल ढिला झालाय. तुमच्याकडे थ्री फेज आहे असं दिसतं, न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी कुठे १५० व्होल्ट कुठे ३५० असं काहीही येतं. परत होणार, नक्की होणार. पुन्हा तसं दिसलं तर विचार करत बसू नका, मेन पाडा. मग शेजारी विचारा. त्यांच्याकडेही असंच झालं असेल तर बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये किंवा बाहेर लाईनवर दोष आहे, १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर फोन करा आणि सोसायटीच्या वायरमनला मीटर रूमचे जोड घट्ट करायला लावा. फक्त तुमच्याच घरी झालं तर तुमच्या बोर्डातला जोड. मेन चालू असताना त्या बोर्डात कोणीही हात घालायचा नाही.

पंखा पाचवर ठेवला तरी रांगतो, सुरू करताना हाताने ढकलावा लागतो. नवा घ्यावा लागेल का?
– एक वाचक, सांगली

नाही, कपॅसिटर गेलाय. पंख्याच्या वरच्या वाटीत काळी किंवा पांढरी चौकोनी डबी असते, तिच्यावर बहुतेक २.५ एमएफडी लिहिलेलं असतं, शंभर रुपयांच्या आत मिळते. हाच तो वर म्हटलेला अपवाद: मेन पाडून, घरच्यांना सांगून, जुन्या डबीचा फोटो काढून, आकडा तोच बघून बदलता येतो. जुन्या डबीच्या दोन वायरी उघड्या हाताने धरू नका, मेन बंद असतानाही त्यात थोडा करंट साठलेला असू शकतो, आधी इन्सुलेशनवाल्या स्क्रूड्रायव्हरने त्या दोन टोकांना एकमेकांना टेकवा. स्टुलावर चढायची धास्ती वाटत असेल तर वायरमनला द्या, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे. हाताने फिरवून बघितला आणि खरखरतोय, जड आहे, तर मात्र बेअरिंग, ते घरी होत नाही.

मुलाकडे आलोय एडिसनला. मुलगा-सून ऑफिसच्या टूरवर आहेत, काल संध्याकाळपासून घर तापत नाहीये, बाहेर बर्फ. आम्ही दोघंच. भारतात गीझरपलीकडे काही हाताळलं नाही. कशाला हात लावू, कशाला नको?
– एक ज्येष्ठ वाचक, न्यू जर्सी

काका, तुम्हाला उत्तर त्याच दिवशी मेलवर पाठवलं होतं, पण तुमच्यासारखे थंडीत तिकडे गेलेले आई-वडील बरेच असतात म्हणून इथेही देतो.

आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट. तो हीटवर आहे का, आणि लावलेला आकडा खोलीच्या आकड्यापेक्षा वर आहे का. स्क्रीन कोरी असेल तर पुष्कळ थर्मोस्टॅटमध्ये साधे पेन्सिल सेल असतात, ते बदला. मग बेसमेंटमध्ये फर्नेसजवळ, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राजवळ, किंवा जिन्याच्या तोंडाशी, दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, बऱ्याचदा त्याची पट्टी लाल असते. दिवा समजून कोणीतरी ते बंद केलेलं असतं, आणि पाहुणे आलेल्या घरात तर फारच. मग ब्रेकरचं पॅनल. तिथला ब्रेकर पडला की आपल्यासारखा पूर्ण खाली येत नाही, मधेच लटकतो. तो आधी जोराने ऑफला न्यायचा, मग ऑन. एकदाच. परत पडला तर सोडून द्या.

त्यानंतर फिल्टर. फर्नेसच्या बाजूला एका खाचेत पुठ्ठ्याच्या चौकटीची जाळी असते, ती ओढून उजेडात धरा, पलीकडचं दिसत नसेल तर चोंदली, त्यामुळे फर्नेस जास्त तापून स्वतःच बंद होते. तिच्या कडेवर साईज छापलेली असते, शेजाऱ्यांना सांगून तशीच आणवा. फिल्टर बघताना पुढचं झाकण हललं असेल तर नीट दाबा, त्याच्या मागे एक छोटं बटण असतं, झाकण सैल असेल तर फर्नेस सुरूच होत नाही. आणि बाहेर बर्फ म्हणालात ना, तर घराच्या बाजूने दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेत का ते बघा. नव्या फर्नेसची हवा त्यातून आत-बाहेर होते, वारा बर्फ आणून त्यांच्यावर टाकतो. हाताने साफ करा, घसरू नका तेवढं बघा.

गॅसचा वास आला तर यातलं काहीही करायचं नाही, बटणसुद्धा दाबायचं नाही, स्वेटर घालून दोघं बाहेर या आणि बाहेरूनच ९११ या तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी तेच. ओव्हन उघडा ठेवून घर तापवायचं तर मनातही आणू नका. छोटा इलेक्ट्रिक हीटर घरात असेल तर तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून एकाच खोलीत बसा, १५०० वॅटचा हीटर तिकडच्या १२० व्होल्टवर १२ अँपिअरच्या पुढे जातो, त्याच ओळीवर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणार. बाथरूमच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं असतात, हेअर ड्रायर बंद पडला म्हणून घाबरू नका, रिसेट दाबा. ती आपल्या आरसीसीबीची तिकडची बहीण, आणि जास्त कडक, ५ मिलीअँपिअरच्या आसपासच पडते.

मुलगा भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असेल तर हे सगळं करायची गरजच नाही, मालकाला फोन. न्यू जर्सीत १ ऑक्टोबर ते १ मे या काळात दिवसा ६८ फॅरनहाइट, म्हणजे आपले २० डिग्री, एवढं तापमान राखणं त्याच्यावर बंधनकारक आहे. संकोच करू नका.

(काकांचं उत्तर आलं: जिन्याजवळचं लाल बटण. काकूंनी झोपायच्या आधी सगळे दिवे बंद केले होते.)

बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मंद पेटलेला राहतो. भूत म्हणतात घरचे.
– एक वाचक, अकोला

बटणावर बारीक लाल इंडिकेटर आहे का बघा. असेल तर त्या इंडिकेटरमधून जो किंचित करंट जातो त्यावर एलईडी मिणमिणतो, जुना पिवळा बल्ब तेवढ्यावर पेटायचा नाही म्हणून आधी कळत नव्हतं. त्रास होत नसेल तर राहू द्या. इंडिकेटर नसेल आणि तरी पेटत असेल तर वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर दिलं असण्याची शक्यता आहे, म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज उभाच. वायरमनकडून ते उलटं करून घ्या, आणि तोपर्यंत बल्ब बदलताना बटणावर भरवसा ठेवू नका, त्या खोलीची एमसीबी पाडा.